नव्या घरातला पहिला नाताळ

घर सोडणे सोपे नसते. भांडीकुंडी टेंपोत भरता येतात. गोधड्या बांधून नेता येतात. पण अंगणातले झाड नेता येत नाही. जुने शेजारी नेता येत नाहीत. आणि सणाच्या दिवशी नेमकी त्यांचीच आठवण होते.

आपल्या मुळशी तालुक्यात आता पुष्कळ नवी कुटुंबे येतात. पिरंगुटला कारखाने आहेत. हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्या आहेत. पोटासाठी माणसे दूरदूरहून येतात, भाड्याची खोली घेतात आणि राहतात. आपण त्यांना 'बाहेरचे' म्हणतो. अशाच एका बाहेरच्या कुटुंबाची ही हकिगत आहे. ती आमच्या शेजारीच घडली. तिच्यात आमच्या हातून एक चूक झाली. तीही आम्ही लपवणार नाही.

नवे बिऱ्हाड

२०२४ सालचा जून महिना होता. पाऊस नुकताच लागला होता. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड आले. नवरा, बायको, दोन लहान मुले आणि नवऱ्याची म्हातारी आई. हे लोक नगर जिल्ह्यातले, राहुरीकडचे. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. गावाकडे जमीन थोडी, तीही कोरडवाहू. भावाभावांत तिचे तुकडे झालेले. मुलाला पिरंगुटला काम लागले, म्हणून सगळे इकडे आले.

सामान फार नव्हते. दोन खाटा, एक कपाट, धान्याची कोठी आणि एक ढोलकी. म्हातारीच्या हातात मात्र कापडात गुंडाळलेले एक जाड पुस्तक होते. ते तिने कोणाला उचलू दिले नाही. ते बायबल होते. तिच्या मालकांचे. मालक रोज रात्री वाचायचे आणि ती ऐकायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. मालक वारल्यावर गावचे पाळक घरी येऊन वाचून दाखवत.

आमच्या आईने दुसऱ्याच दिवशी तिला विचारले, "तुम्ही ख्रिस्ती म्हणता, आणि बोलता तर आमच्यासारखंच!"

म्हातारी हसली. म्हणाली, "अवो, आम्ही मराठीच की. आमचं भजनबी मराठीतच असतंय. ढोलकी काय उगीच आणली व्हय?"

तिचे म्हणणे खरे होते. नगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. त्या भागातली पुष्कळ कुटुंबे तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांची शेती, जेवणखाण, लग्नातली हळद, सारे आपल्यासारखेच.

घरातली सून आमच्या साक्षरता वर्गाला येऊ लागली. लहानपणी आईबाप ऊसतोडीला फिरत. त्यांच्यामागे तिचीही शाळा सुटली ती सुटलीच. श्रावणात तिने 'अ' गिरवला. दसऱ्यापर्यंत ती जोडाक्षरांवर आली.

एकदा ती हिरमुसून म्हणाली, "गुरुजी, मला जमंल का हो? वय झालं आता."

तेव्हा आम्ही तिला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्न झाल्यावर घरीच वाचायला शिकल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक हे मोठे कवी. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचे बिऱ्हाड सारखे हलत राहिले. त्या नगरला राहिल्या, राहुरीलाही राहिल्या. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' नावाचे आपले चरित्र लिहिले. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत ते मोजतात.

सून म्हणाली, "आमच्या राहुरीला व्हत्या?" आणि पाटी पुढे ओढून पुन्हा लिहू लागली.

सणाचा हिशेब

डिसेंबर उजाडला. म्हातारी उदास दिसू लागली. गावाकडे नाताळच्या आधी आठ दिवस गडबड असे. घरे सारवत. तरुण पोरे रात्री ढोलकी-झांजा घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरत. लेकी माहेरी येत. इथे काय होते? दोन खोल्या आणि पत्र्याचे छप्पर.

यंदा गावाला जाणेही शक्य नव्हते. कामावर रजा नव्हती. पाच माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे परवडणारे नव्हते. खोलीची अनामत भरताना आधीच उसनवारी झाली होती. मुलगा म्हणाला, "आणखी थोडे पैसे उचलतो. मुलांना कपडे घेऊ."

सून म्हणाली, "कर्ज नको. आहे त्यात करू." तिने वहीत हिशेब लिहिला. तो आम्हाला दाखवला. तिचा हा पहिला लिहिलेला हिशेब. म्हणून तो येथे जसाच्या तसा देतो.

रवा १ किलो – ४५ रुपये
मैदा १ किलो – ४५ रुपये
साखर २ किलो – ९० रुपये
तेल १ पिशवी – १५० रुपये
सुके खोबरे पाव किलो – ८० रुपये
कामट्या, रंगीत कागद, खळ – ४० रुपये
एकूण – ४५० रुपये

करंज्या, लाडू आणि शंकरपाळे करायचे होते. नगरकडे नाताळचा फराळ आपल्या दिवाळीसारखाच असतो. गोव्याचे ख्रिस्ती लोक करंजीला नेवरी म्हणतात आणि दोदोलही करतात. जसा मुलूख, तसा फराळ.

कामट्या आणि कागद कशाला? तर चांदणी करायला. आपण दिवाळीला आकाशकंदील लावतो, तशी ते लोक नाताळात दारावर चांदणी लावतात.

आमची चूक

या चांदणीवरूनच गोष्ट बिघडली.

आम्ही गिरणीवर दळण घेऊन गेलो होतो. तिथे चार माणसे बसली होती. एक जण म्हणाला, "त्या बाहेरच्यांनी चांदणी टांगायची ठरवलीय. आज चांदणी, उद्या गाव बाटवतील." दुसरा म्हणाला, "घरमालकाला सांगा, खोली खाली करून घे म्हणावं."

आम्ही तेथेच उभे होतो. त्या कुटुंबाला आम्ही सहा महिने पाहत होतो. त्यांनी कोणाला 'आमच्या धर्मात या' असे म्हटल्याचे आम्ही ऐकले नव्हते. हे आम्ही बोलायला हवे होते. पण आम्ही गप्प बसलो. दळण उचलले आणि घरी आलो. चाळीस वर्षे मुलांना 'खरे बोलावे' हा धडा शिकवला, आणि वेळ आली तेव्हा तोंड उघडले नाही.

दोन दिवसांनी घरमालकाचा निरोप गेला. "दाराला काही लावायचं नाही. गाणीबिणी नकोत. नाही तर खोली सोडा."

सून वर्गाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. आम्ही चौकशीला गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. कामट्या कोपऱ्यात तशाच पडल्या होत्या. सून म्हणाली, "गुरुजी, परक्या ठिकाणी कुठं भांडायचं? यंदा सण नाही केला असं समजू."

आईने सांगितलेली गोष्ट

आम्ही घरी येऊन हे आईला सांगितले. आईचे वय आता शहाऐंशी. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजीची पहिली दिवाळी ठाऊक आहे का तुला?"

वाचकहो, मुळशीच्या धरणाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातली आहे. मुंबईला वीज पाहिजे होती. म्हणून मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ एका कंपनीने धरण बांधायला घेतले. भातखाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. लोकांनी विरोध केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. बायाबापड्याही त्यात उतरल्या. लढा १९२४ सालापर्यंत चालला. पण धरण झालेच. तलावाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेले आणि तिथे वीज होऊ लागली. इकडे मावळे लोकांची घरे बुडाली.

आमच्या आजोबांचे घरही त्यात गेले. ते बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या वाडीला गेले. आईने आजीच्या तोंडून ऐकलेले आम्हाला सांगितले.

"त्या वाडीतली माणसं यांच्याकडे वाकडं बघायची. म्हणायची, हे आले, आता आपलं कुरण खातील, आपलं पाणी भरतील. तेवढ्यात दिवाळी आली. यांच्या झोपडीला धड भिंत नव्हती. घरात तेलाचा थेंब नव्हता. आजी अंधारात बसून रडत होती. तेव्हा शेजारची एक बाई पणती घेऊन आली. आपल्या पणतीतलं निम्मं तेल तिनं यांच्या पणतीत ओतलं. दाराशी ठेवली आणि म्हणाली, 'आता तुम्ही आमच्या वाडीचे.' त्या बाईचं नाव आजी मरेपर्यंत घेत होती."

आई पुढे म्हणाली, "आपल्या दारात कोणी तरी पणती ठेवली, म्हणून आपण इथं आहोत. आता तुझी पाळी आली, तर तू दळण उचलून घरी येतोस?"

आम्हाला फार लाज वाटली.

बोललो ते

त्याच संध्याकाळी आम्ही घरमालकाकडे गेलो. तो आमचाच जुना विद्यार्थी. आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, ही माणसे वेळेवर भाडे देतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत.

दुसरी, आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम. प्रत्येकाला आपापला धर्म मानण्याचा आणि पाळण्याचा हक्क आहे. मात्र शांतता, नीती आणि आरोग्य सांभाळले पाहिजे. हे बंधन सर्वांना सारखेच. नाताळची तारीख २५ आणि कलमही २५, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे!

तिसरी, "तू दिवाळीला आकाशकंदील लावतोस, तेव्हा कोणाला विचारतोस का रे?"

तो म्हणाला, "गुरुजी, माझं काही नाही. पण लोक काय म्हणतील?"

आम्ही म्हणालो, "लोकांना आम्ही सांगू."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम गिरणीवर गेलो. तीच माणसे होती. आम्ही आधी आपली चूक कबूल केली. "परवा आम्ही गप्प बसलो, ते चुकलं," असे म्हणालो. मग आमच्या आजीची गोष्ट सांगितली. सर्वांना ती पटली असे नाही. एक जण उठून गेला. पण दुसरा म्हणाला, "आमचंबी घर पाण्यातच गेलं की, गुरुजी."

नाताळ म्हणजे काय?

आता हा सण काय आहे, ते थोडक्यात पाहू.

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचा अर्थच जन्मदिवस. बायबलात जन्माची तारीख दिलेली नाही. पण रोम शहरात ३३६ साली हा सण २५ डिसेंबरला धरल्याची नोंद आहे. जगात बहुतेक ठिकाणी तीच तारीख पाळतात. झाड सजवण्याची रीत जर्मनीकडून पसरली.

बायबलातली मूळ कथा साधी आहे. आणि वाचकहो, ती घरापासून दूर गेलेल्या माणसांचीच कथा आहे. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे होते. योसेफ नावाचा सुतार नासरेथ गावातून बेथलेहेमला निघाला. वाट शंभराहून अधिक किलोमीटरची. बरोबर मरीया होती, आणि ती गरोदर होती. बेथलेहेमला उतरायला जागा मिळाली नाही. तिथेच बाळ जन्मले. त्याला गव्हाणीत निजवले. पूर्वेकडून काही ज्ञानी पुरुष एक तारा पाहत पाहत त्या बाळाला भेटायला आले. दारावरची चांदणी म्हणजे तोच तारा. पुढे राजा बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा आईबाप त्याला घेऊन मिसर देशात पळाले. म्हणजे तिथेही परकेच!

सून वाचते

२४ डिसेंबरची संध्याकाळ झाली. कामट्या बांधायला आमचा नातू गेला होता. लाल कागदाची चांदणी दारावर लागली. आत दिवा सोडला.

पण एक अडचण होती. त्या रात्री बायबलातली जन्माची कथा वाचायची रीत. मुलाला वाचता येत होते, पण त्याची दुसरी पाळी. तो रात्री साडेअकराला येणार. पाळक नाहीत. जवळपास ओळखीचे चर्च नाही. मग वाचणार कोण?

म्हातारीने पुस्तक कापडातून काढले आणि सुनेच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "तू वाच."

आम्ही, आमची आई, आमच्या सूनबाई आणि नातू तिथे बसलो होतो. शेजारच्या दोन बायाही दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सुनेने बोट ओळीवर ठेवले. घाम पुसला. एकेक अक्षर लावत ती वाचू लागली. जोडाक्षराशी थांबे, पुन्हा मागे येई. कोणी मधे बोलले नाही. आम्हीही सांगितले नाही. तिचे तिनेच वाचायला हवे होते.

एका शब्दाशी ती अडली. "ग... व्हा... णी... गुरुजी, गव्हाणी म्हंजे?"

आम्ही सांगण्याआधीच आमची आई म्हणाली, "अगं, गव्हाण! गोठ्यात वैरण टाकतो ती!"

म्हातारीने एकदम वर पाहिले. ही कथा तिने साठ वर्षे ऐकली होती. तिने आमच्या आईचा हात धरला आणि म्हणाली, "व्हय. वैरणीतच निजवला त्याला. जागाच नव्हती ना." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

वाचायला चांगला पाऊण तास लागला. मग ढोलकी निघाली. दोन गाणी झाली. आमच्या नातवाने झांज धरली. ताटे भरून करंज्या आल्या. आमच्या घरून आंबेमोहोराची खीर गेली होती.

घरमालक आला नाही. पण चांदणी काढा असेही म्हणाला नाही. सकाळी त्याचा धाकटा मुलगा करंज्यांचे ताट घ्यायला आला, तेवढे खरे.

त्या रात्री आम्ही अंथरुणावर पडलो होतो. बारा वाजायला आले होते. शेजारचे दार वाजले. मुलगा कामावरून आला होता. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. सून पुन्हा तीच कथा वाचत होती, या वेळी नवऱ्यासाठी. आम्ही कान देऊन ऐकले. 'गव्हाणी' शब्दाशी ती अडली नाही.

शिकण्यासारखे

एक: सण माणसे करतात, घर नव्हे. जुने घर सुटले तरी सण सुटत नाही.

दोन: सणासाठी कर्ज काढू नये. हिशेब लिहावा. आहे त्यात गोड करावे.

तीन: नवीन बिऱ्हाड आले तर आधी चौकशी करा, मग मत बनवा. कदाचित आपले आजोबाही कधी तरी 'बाहेरचे' होते.

चार: चुकीचे बोलणे ऐकून गप्प बसणे हीही चूकच. पण ती दुसऱ्या दिवशी सुधारता येते.

शब्दांचे अर्थ

बिऱ्हाड – राहण्यासाठी आलेले कुटुंब, त्याचे सामान
अनामत – भाड्याने जागा घेताना आधी भरलेली रक्कम
पाळक – ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू
शिरगणती – माणसांची मोजणी
कामटी – बांबूची चिरलेली पातळ काडी
गव्हाण – गुरांना वैरण घालण्याची जागा

उत्तरे सांगा

१. म्हातारी उदास का झाली?
२. गिरणीवर गुरुजींची कोणती चूक झाली? ती त्यांनी कशी सुधारली?
३. आजीच्या पहिल्या दिवाळीला शेजारच्या बाईने काय केले?
४. राज्यघटनेचे २५ वे कलम काय सांगते?

लिहा

१. तुमच्या घरच्या पुढच्या सणाचा हिशेब वहीत लिहा. बेरीज करा.
२. तुमच्या वस्तीत नवीन आलेल्या एका कुटुंबाला भेटा. ते कोणत्या गावचे आणि त्यांचा मोठा सण कोणता, हे विचारा. चार ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.